सोलापूरच्या उन्हाळ्यात आयपीए: काय प्यावी, कशी प्यावी, कशासोबत?

भीमाकाठ (धागालेखक)

मंडळी, बिअरवर इथे अधूनमधून धागे निघतात आणि सगळे फिरून "स्ट्राँग बरी की माइल्ड" आणि "कुठे दहा रुपयांनी स्वस्त मिळते" यावरच येतात. हा धागा फक्त आयपीएचा, म्हणजे इंडिया पेल एलचा (एल हा बिअरचाच एक प्रकार). पुण्या-बंगळुरात नोकऱ्या करून परतलेली बरीच पोरं आता गावात आहेत, त्यांना ही बिअर ठाऊक आहे. आपल्या दुकानांतही अलीकडे क्राफ्टचे, म्हणजे छोट्या ब्रुअरींच्या बिअरचे, एखाद-दोन कॅन दिसायला लागलेत. पण नवखा माणूस एक घोट घेतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, "कसलं कडू आहे बे हे!" विषय संपला.

माझं म्हणणं असं की आयपीए वासासाठी प्यायची असते, कडूपणा तिला उभं राहायला आधार देतो एवढंच. आणि सोलापुरात आपल्या हातात येईपर्यंत तिचा वास बऱ्याचदा मेलेला असतो. मग कडूपणा तेवढा उरतो आणि लोक त्यालाच आयपीए समजतात.

हॉप्स ही वेल. गांजाच्या कुळातली, पण नशेशी संबंध नाही. मादी वेलीला हिरवी, कागदी पाकळ्यांची बोंडं लागतात आणि पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी चिकट पूड असते, तिला ल्युपुलिन म्हणतात. त्यात कामाच्या गोष्टी दोन: अल्फा आम्लं आणि सुगंधी तेलं. अल्फा आम्लं तासभर उकळली की त्यांची रचना बदलते आणि कडूपणा येतो. तेलं मात्र उकळताना वाफेबरोबर उडून जातात. म्हणून कडूपणासाठीचे हॉप्स उकळीच्या सुरुवातीला पडतात, आणि वासाचे अगदी शेवटी किंवा बिअर आंबत आल्यावर थेट टाकीत. या दुसऱ्या प्रकाराला ड्राय हॉपिंग म्हणतात. चहाची तीच पूड अर्धा तास उकळली तर काय होतं आणि झाकण ठेवून दोन मिनिटं मुरवली तर काय, तसं.

आता वास म्हणजे कसला? ते हॉप्सच्या जातीवर. कॅस्केड ही अमेरिकन जात १९७२ साली बाजारात आली, तिला पपनसाच्या सालीचा वास. सिमकोला चिडाच्या (पाइनच्या) डिंकाचा. सिट्रामध्ये लिंबू, आंबा, लिची. मोझेकमध्ये पेरू आणि बेरी. न्यूझीलंडच्या नेल्सन सोव्हिनला हिरव्या द्राक्षांचा. यातलं एकही फळ बिअरमध्ये घातलेलं नसतं, हे पहिल्यांदा पिणाऱ्याला पटवून देणं अवघड जातं.

पिण्याबद्दल एवढंच सांगतो: ठार थंड पिऊ नका. फ्रीजमधून काढली की दहा मिनिटं टेबलावर राहू द्या, ७ ते १० अंशांच्या आसपास वास मोकळा होतो. कॅनला तोंड लावू नका, ग्लासात ओता आणि दोन बोटं फेस येऊ द्या, कारण वास फेसातूनच वर येतो. ग्लास काठोकाठ भरू नका. आधी नाक घाला, मग घोट घ्या. पहिल्या घोटावरून मत बनवू नका, जीभ कडूपणाला सरावायला दोन-तीन घोट लागतात.

आता बोला.

कडकभाकरी

पहिला!! बाकी नंतर वाचतो, आधी वाचनखूण साठवली.

लष्करवाला

लेख आवडला. पण एक शंका आहे भीमाकाठ साहेब. आम्ही ऐकलंय ते असं की इंग्लंडहून हिंदुस्थानात येईपर्यंत बिअर नासायची, म्हणून गोऱ्यांनी हॉप्स आणि अल्कोहोल वाढवलं आणि आयपीए जन्माला आली. पाच-सहा महिने जहाजाच्या तळात, केप ऑफ गुड होपला वळसा, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं. एवढं सोसून ती मुंबई-कलकत्त्यात प्यायली जायची. मग पुण्याहून सोलापूरला अडीचशे किलोमीटर येताना तिचा जीव कसा जातो? का आताचे लोक नखरेल झालेत?

जुनी_कागदपत्रं

लष्करवाला, प्रश्न झकास आहे. आधी इतिहासापुरतं लिहितो, रसायन भीमाकाठ बघतील.

"हिंदुस्थानसाठी मुद्दाम शोधलेली बिअर" ही गोष्ट अर्धीच खरी. लंडनच्या पूर्वेला बो इथे हॉजसन यांची ब्रुअरी होती, १७५२ पासूनची. तिथून थेम्सच्या काठी ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं भरायची ती जागा जवळ. जहाजांचे कप्तान स्वतःच्या खात्यावर माल नेऊन इथे विकायचे, आणि हॉजसन त्यांना अठरा-अठरा महिन्यांची उधारी द्यायचे. जवळीक आणि उधारी, धंदा यावर वाढला. त्यांची जी बिअर चालली ती 'ऑक्टोबर' या जुन्या, तगड्या, भरपूर हॉप्स घातलेल्या एलच्या वळणाची. गरम मुलखात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स जास्त घाला, हा सल्ला १७६०च्या दशकातच ब्रुअर लोकांत रूढ होता. म्हणजे एका माणसाने एके दिवशी शोध लावला असं काही नाही.

आणि नासण्याबद्दल म्हणाल तर पोर्टर नावाची काळी बिअरही त्याच जहाजांतून येत होती, आणि भरपूर येत होती. गोरे शिपाई पोर्टर प्यायचे. पेल एल ही साहेबलोकांची, म्हणजे अधिकारी आणि मुलकी नोकरांची. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रज जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरचा किल्ला घेतला, त्यानंतर इथे छावणी पडली. आपल्या लष्कर भागात कुणी काय प्यायलं याचा कागद माझ्या पाहण्यात नाही, पण बाटलीतली पेल एल साध्या शिपायाच्या वाट्याला येण्यासारखी नव्हती.

पुढे हॉजसनच्या वारसांनी कप्तानांना वगळून माल स्वतःच पाठवायला सुरुवात केली आणि उधारीही आवळली. कंपनीचे लोक बिथरले. १८२० नंतर कंपनीच्या एका संचालकाने इंग्लंडमधल्याच बर्टन-अपॉन-ट्रेंटच्या सॅम्युअल ऑलसॉप या ब्रुअरला हॉजसनची बिअर चाखायला दिली आणि विचारलं, अशी करता येईल का? ऑलसॉपच्या माणसाने पहिला नमुना चहाच्या किटलीत बनवला, अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, बर्टनने हॉजसनचं राज्य संपवलं. पाठोपाठ तिथलीच बास ब्रुअरी आली. बासचा लाल त्रिकोण म्हणजे ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क, १ जानेवारी १८७६. 'इंडिया पेल एल' हे नाव जाहिरातींत दिसायला लागतं ते साधारण १८३०च्या सुमारास, म्हणजे बिअर आधी आणि नाव मागून.

लष्करवाला

चहाच्या किटलीत! वा. हे माहीत नव्हतं. आता रसायन येऊ द्या.

भीमाकाठ

जुनी_कागदपत्रं यांनी माझं अर्धं काम केलं, आभार.

जहाजातली आयपीए टिकायची, पण टिकायची म्हणजे काय व्हायचं? ती मुरायची. पिंपांत हळूहळू काम करणारं ब्रेटानोमायसिस नावाचं रानटी यीस्ट असायचं. १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत क्लॉसेनने ते इंग्लिश बिअरमधूनच वेगळं काढलं. उरलीसुरली साखर आणि आत शिरलेला ऑक्सिजन ते खात राहायचं. जास्त हॉप्समुळे आंबट करणारे जीवाणू वाढायचे नाहीत. पाच महिन्यांनी बंदरावर उतरायची ती कोरडी, लखलखीत आणि कडूपणा बराच निवलेली बिअर. ताज्या हॉप्सचा वास तिला नसायचाच, आणि पिणाऱ्याला त्याची अपेक्षाही नव्हती.

आजची आयपीए नावापुरती तिची नातेवाईक. १९७५ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या अँकर ब्रुअरीने कॅस्केड घालून लिबर्टी एल केली, १९८० ला कॅलिफोर्नियातच सिएरा नेवाडाची पेल एल आली आणि तिथून सगळा खेळ ताज्या वासाचा झाला. ती तेलं नाजूक असतात. ऑक्सिजन लागला की मोडतात, आणि ऊब मिळाली की हे सगळं झपाट्याने होतं. पपनसाचा वास आधी जातो, मग ओल्या पुठ्ठ्याचा येतो, शेवटी शिळ्या मधासारखा गोडसर. कडूपणाही घटतो, पण वासापेक्षा सावकाश आणि मागे खरखर ठेवून.

बिअरच्या धंद्यात एक ढोबळ हिशेब सांगतात, ३-३०-३००. म्हणजे ३२ अंशांवर ३ दिवस, २२ अंशांवर ३० दिवस आणि ३ अंशांवर ३०० दिवस ठेवलेली बिअर साधारण सारखीच शिळी होते. आता आपला मे महिना घ्या. बाहेर ४४, पत्र्याच्या गोदामात त्याहून वर. त्या तीन दिवसांचंही काय होत असेल ते तुम्हीच ठरवा. साधी लागर, म्हणजे आपली नेहमीची दुकानातली बिअर, यात कशीबशी तग धरते, कारण तिच्यात मुळात हरवण्यासारखा वास कमी असतो.

विडीघरकुल

हे वाचून कळालं बघा. मागच्या उन्हाळ्यात एका दुकानातून कॅन घेतला होता. दुकानदाराने क्राफ्टचे सगळे कॅन समोरच्या काचेत मांडलेले, दिसायला भारी दिसतात म्हणून. दुपारचं ऊन सरळ त्यावर. फ्रीजमधलं मागितलं तर म्हणाला, "फ्रीज स्ट्राँगला पुरत नाही, हे कुठं ठेवू?" ग्लासात ओतल्यावर भिजलेल्या पुठ्ठ्याचाच वास. मला वाटलं आयपीए अशीच असते. मित्राला म्हणालो, "हे पैसे देऊन कशाला प्यालालास बे?"

मनमोकळी

विडीघरकुल भाऊ, कॅन होता म्हणून तुम्ही उन्हाच्या दुसऱ्या त्रासातून वाचलात. बाटली असती तर आणखी मजा आली असती. हॉप्समधून आलेल्या कडू संयुगांवर प्रकाश पडला की बिअरमधल्या रायबोफ्लेविनच्या (बी-२ जीवनसत्त्वाच्या) साथीने एक गंधकयुक्त रसायन तयार होतं. अमेरिकन लोक त्या वासाला स्कंक नावाच्या प्राण्याचं नाव देतात. फार थोडं झालं तरी नाकाला कळतं. हिरवी आणि पांढरी काच प्रकाश जवळपास अडवतच नाही, तपकिरी बरीच अडवते, कॅन पूर्ण अडवतो. कडक उन्हात काही मिनिटं पुरतात. गच्चीवर पार्टी करणाऱ्यांनी ग्लाससुद्धा सावलीत ठेवावा.

(मी सात वर्षं बंगळुरात होते, आता जुळे सोलापुरात. बाईमाणूस बिअरच्या धाग्यावर कशी, हा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांनी तो मनातच ठेवावा. हलकेच घ्या.)

आता माझा मुद्दा. भीमाकाठ, तुम्ही आयपीए एकच असल्यासारखं लिहिलंय. वेस्ट कोस्ट आणि हेझी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. वेस्ट कोस्ट स्वच्छ, सोनेरी, कोरडी, कडूपणा स्पष्ट, वास पपनस आणि पाइनचा. हेझी, म्हणजे न्यू इंग्लंड पद्धतीची, गढूळ, मोसंबीच्या रसासारखी दिसणारी, ओट्स आणि गव्हामुळे तोंडात मऊ, कडूपणा मागे आणि आंबा-पेरू पुढे. ही लाट अमेरिकेतल्या व्हरमाँटच्या अल्केमिस्ट ब्रुअरीच्या हेडी टॉपरपासून धरतात. २०१८ साली अमेरिकेतल्या ब्रुअर्स असोसिएशनने तिला अधिकृत प्रकारांत घेतलं. नवख्या माणसाला पहिल्यांदा हेझी द्या. पटकन आवडते.

भीमाकाठ

ताई, फरक मान्य. सल्ला मात्र अर्धाच मान्य. हेझी आवडते खरी, पण ताजेपणाच्या बाबतीत सगळ्यात नाजूकही तीच. ड्राय हॉपिंग प्रचंड आणि ओट्स-गव्हाची भर, त्यामुळे ऑक्सिजनचा फटका तिलाच जास्त. दोन महिने उबेत पडलेली हेझी करडी-जांभळट दिसायला लागते. सोलापुरात दुकानातून घ्यायची तर मी डोळे झाकून वेस्ट कोस्ट घेईन, आणि हेझी ब्रुअरीत बसून नळावरची पिईन.

मनमोकळी

हं, इथल्या दुकानापुरतं बरोबर आहे तुमचं. पण ज्याची पहिलीच वेळ आहे त्याला दुकानातून घेऊच देऊ नका ना मग.

शेंगाप्रेमी

बाकी सगळं ठीक, मूळ प्रश्न राहिला. चखणा काय? सोलापूरकर आहोत, शेंगाचटणी आणि कडक भाकरी आलीच पाहिजे.

कडकभाकरी

कुणी बोलावलं?

जुनी_कागदपत्रं

शेंगाचटणीसोबत आयपीए घेऊ नये असं माझं अनुभवाचं मत आहे. तिखट दुप्पट लागतं.

शेंगाप्रेमी

अहो असं कसं? पुस्तकांतून तर लिहितात आयपीए आणि भारतीय जेवण यांची जोडी स्वर्गीय म्हणून.

भीमाकाठ

ते बहुधा लंडनमधल्या कमी तिखटाच्या करीवर लिहिलेलं असतं, आपल्या सोलापुरी तिखटावर नाही. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या उष्णता ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं. अल्कोहोलही तेच तंतू आणखी हळवे करतं. बिअरमधला वायू वर टोचतो. त्यात कडूपणा आला की तिखट जिभेवर जास्त वेळ रेंगाळतं. ज्याला ही मजा वाटते त्याने जरूर घ्यावी, माझे काही मित्र त्यासाठीच घेतात.

पण शेंगाचटणीचा एक गुण आपण विसरतोय. उखळात कुटल्यावर तेल सुटतं ते. तेल आणि शेंगदाण्याचा गोडवा कडूपणाला मऊ करतात. म्हणून चटणी कमी तिखटाची, तेल सुटलेली आणि सोबत कडक भाकरीचा तुकडा असेल तर वेस्ट कोस्टसोबत छान लागते. मधे भाकरी कोरडीच चावली की जीभ साफ होऊन पुढचा घोट नवा लागतो. लसणाचा भडिमार असलेली चटणी नको, लसूण नाक व्यापून टाकतो.

मटणाचं म्हणाल तर रश्श्यापेक्षा सुकं. भाजलेल्या मसाल्याचा आणि खोबऱ्याचा करपट गोडवा पाइनच्या वासाला धरून येतो. तळलेली कोणतीही गोष्ट चालते, कारण कडूपणा आणि फेस तेलकटपणा कापतात. धपाट्यांसोबत दही असेल तर आयपीए नको, आंबट आणि कडू भांडतात.

मनमोकळी

हेझीसोबत पिकलेला पेरू, वरून मीठ. करून बघा आणि मग बोला. चाट मसाला नको, नुसतं मीठ. मीठ कडूपणा दाबतं आणि फळाचा वास पुढे येतो.

शेंगाप्रेमी

पेरू लिहून घेतला. चटणीचा नाद मात्र सोडणार नाही.

सात्त्विक_सोलापूरकर

सिद्धरामेश्वरांच्या आणि विठुरायाच्या जिल्ह्यात दारूवर एवढी चर्चा! घराघरांत काय हाल होतात ते पाहा जरा. पूर्वभागात किती संसार या बाटलीने गिळले, ते इथे लिहिणाऱ्यांना माहीत नाही काय?

कडकभाकरी

आले.

भीमाकाठ

कडकभाकरी, थट्टा नको. काकांचं म्हणणं खरं आहे. मी स्वतः त्या भागात वाढलोय, पगाराच्या दिवशी गल्लीत काय व्हायचं ते पाहिलेलं आहे. काका, प्या असं सांगायला हा धागा नाही. जे पितातच त्यांनी एका ग्लासाला तासभर लावावा, वास घेत, जेवणासोबत, असं मला वाटतं. तरीही तुम्हाला हे पटणार नाही, हेही समजू शकतो.

सात्त्विक_सोलापूरकर

तुमची भाषा सभ्य आहे म्हणून एवढंच म्हणतो, जपून.

संपादक मंडळ

धागा विषयावर ठेवावा. कायदा मोडण्याचे मार्ग सुचवणारे प्रतिसाद काढले जातील. महाराष्ट्रात बिअर पिण्यासाठी वयाची अट २१ आहे आणि परवाना लागतो.

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड

परवान्यावरून आठवलं. दुकानात आयपीएच्या कॅनवर "स्ट्राँग" छापलेलं असतं, त्याचं काय? माझा भाऊ ते बघून खूश झाला, म्हणाला चढेल चांगली.

भीमाकाठ

एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमांत ५ टक्क्यांपर्यंत माइल्ड आणि त्यापुढे ८ टक्क्यांपर्यंत स्ट्राँग, अशी सरळ विभागणी आहे. अमेरिकन पद्धतीची आयपीए साधारण साडेपाच ते साडेसात टक्क्यांची असते, त्यामुळे ती आपोआप स्ट्राँगच्या रांगेत बसते. गल्लोगल्ली विकल्या जाणाऱ्या स्ट्राँग लागरशी तिचं नातं तेवढ्या शिक्क्यापुरतंच.

भावाला हिशेब सांगा. ५ टक्क्यांच्या ६५० मिलीच्या बाटलीत शुद्ध अल्कोहोल साडेबत्तीस मिली. साडेसहा टक्क्यांच्या ५०० मिलीच्या कॅनमध्येही साडेबत्तीस मिलीच. कॅन लहान दिसतो म्हणून दुसरा उघडला जातो आणि तिथे गणित चुकतं. गाडी चालवायची असेल तर एकही नको. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे आणि ती लोकांना वाटते त्यापेक्षा फार लवकर ओलांडली जाते.

डबल आयपीए तर साडेसात ते दहा टक्के. ती वाटून प्यायची गोष्ट आहे.

एमआयडीसी_अक्कलकोट_रोड

आणि ते आयबीयू? एका मेन्यूवर ६५ लिहिलं होतं, मी घाबरून लागर मागवली.

मनमोकळी

आयबीयू म्हणजे कडूपणाचं माप, ढोबळमानाने एका लिटरमध्ये किती मिलिग्रॅम कडू संयुगं. साध्या लागरचा आकडा दहा-वीसच्या घरात, अमेरिकन आयपीएचा चाळीस ते सत्तर. पण हा आकडा जिभेला जसाच्या तसा लागत नाही. माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) गोडवा भरपूर असेल तर ६५ सुद्धा सौम्य वाटतो आणि कोरड्या बिअरमध्ये ४५ झोंबतो. मेन्यूवर आकड्यापेक्षा हॉप्सची नावं आणि बॅचची तारीख विचारा. वाढणाऱ्याला सांगता आली नाही तर आधी छोटा नमुना मागा, मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअर जिथे बनते तिथेच वाढतात त्या ठिकाणी, बहुतेक वेळा देतात.

हिप्परगा_तलाव

बर्टनच्या पाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. तिथल्या विहिरींच्या पाण्यात जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, भरपूर. सल्फेटमुळे हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि धारदार लागतो, लंडनच्या पाण्यात तो तसा यायचा नाही. म्हणून आजही ब्रुअर पाण्यात जिप्सम मिसळतात आणि त्याला बर्टनायझेशन म्हणतात. उलट हेझीसाठी क्लोराइड वाढवतात, त्याने बिअर भरलेली, गोलसर वाटते.

मी पाण्याच्या प्लांटच्या कामात आहे म्हणून विचारात पडलो. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्याची बिअर कशी होईल?

भीमाकाठ

नुसतं जड असून भागत नाही, जडपणा कशाचा ते महत्त्वाचं. किटलीत पांढरा थर बसवतो तो बायकार्बोनेटचा जडपणा फिकट बिअरला मारक असतो, कडूपणा खरबरीत करतो. तसलं पाणी काळ्या बिअरला चालतं, डब्लिनची ख्याती त्यातूनच. आता सगळे मोठे लोक आरओ करून हवे ते क्षार परत घालतात, त्यामुळे पाणी कुठलंही चालतं. तुमच्या प्लांटला एक गिऱ्हाईक मिळेल, इथे कुणी मायक्रोब्रुअरी काढली तर.

हिप्परगा_तलाव

घरी प्रयोग करून बघावा का एखादा, छोटा?

भीमाकाठ

नको. परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं महाराष्ट्रात गुन्हा आहे. तसंच गोव्याहून किंवा विजापूरकडून गाडीत भरून आणणंही. संपादक बघतायत.

बाळीवेस_ते_बाणेर

मूळचा सोलापूरचा, आता पुण्यात. २००९ साली डूलालीने इथे पुण्यात मायक्रोब्रुअरी काढली तेव्हापासून आम्हा लोकांची चैन आहे. मुंढव्यात इंडिपेंडन्स, शिवाय एफिंगट, ग्रेट स्टेट. पर्याय भरपूर. गावी येताना मी कॅन आणतो, रीतसर बिलासकट. पद्धत सांगतो: निघायच्या दिवशीच घ्यायचे, दुकानाच्या फ्रीजमधलेच घ्यायचे, थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये घालायचे आणि डबा डिकीत न ठेवता एसीत, मागच्या सीटच्या पायाशी. मे महिन्यात डिकीत हात घालून बघा, कळेल. इंदापूर-टेंभुर्णीच्या पट्ट्यात दुपारी गाडी थांबवून जेवायला बसलात तर डबा सोबत न्या. वेटर हसतात, हसू दे.

विडीघरकुल

दादा, एवढं करून आणता तर आम्हाला पण एखादा ठेवत जा की.

बाळीवेस_ते_बाणेर

गड्ड्याच्या जत्रेला येतोय, तेव्हा बोलू. जानेवारीत बर्फही कमी लागतो.

नवीन_सदस्य_होटगी

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. पुढच्या आठवड्यात कामासाठी पुण्याला चाललोय, साध्या लागरशिवाय आजवर काही प्यायलो नाही. सुरुवात कुठून करू?

मनमोकळी

थेट आयपीएवर उडी नको. आधी गव्हाची बिअर, मग पेल एल, मग आयपीए, या क्रमाने छोटे ग्लास. उलटा क्रम लावलात तर कडूपणानंतर गव्हाची बिअर पाण्यासारखी लागेल. आणि जेवण आधी करू नका, निदान रस्सा तरी नको.

भीमाकाठ

ताईंनी सांगितलं तेच. फक्त कुठल्या हॉप्सने बनवली ते विचारून घ्या आणि तेच नाव दुसऱ्या ठिकाणीही मागा. सिट्रा एकदा ओळखता आली की पुढचं सोपं जातं.

नवीन_सदस्य_होटगी

धन्यवाद दोघांना. परत आल्यावर लिहितो.

हिप्परगा_तलाव

अवांतर होईल, पण हॉप्स आपल्याकडे का लावत नाहीत? द्राक्षाचे मांडव आहेत, ठिबक आहे, डाळिंब जगवलंय. वेलच आहे ना ही?

भीमाकाठ

लाहौलच्या खोऱ्यात लावतात, हिमाचलात. आपल्याकडे दोन अडचणी. तिला हिवाळ्यात थंडीची झोप लागते, आणि फुलोऱ्याआधी उंच वाढायला लांबलचक दिवस लागतात. म्हणून मुख्य लागवड ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात. सोलापूर साडेसतराच्या जरासं वर, आपला मोठ्यात मोठा दिवस तेरा तासांच्या आसपास. वेल जगेल कदाचित, पण लवकर फुलून खुजी राहील आणि बोंडं चार लागतील. रात्री दिवे लावून दिवस लांबवायचे प्रयोग उष्ण देशांत झालेत, पण आपल्या भारनियमनात ते दिवे कोण लावणार?

शेंगाप्रेमी

सोलर पंपावर लावू. आधी अनुदान आहे का ते बघा.

कडकभाकरी

आत्ता पूर्ण वाचून काढला धागा. एकच विचारायचंय, कॅनवर तारीख नेमकी कुठे असते?

बाळीवेस_ते_बाणेर

बहुतेक कॅनच्या बुडाला, बारीक ठिपक्यांच्या अक्षरांत. एक्सपायरीवर जाऊ नका, ती लांबची असते. पॅकिंगची तारीख बघा. तीन महिन्यांच्या आतली असेल तर घ्या, आणि तीही फ्रीजमधली असेल तरच.